सातेरीच्या नव्या राण्या: जानेवारी ते मे २०२५ च्या कामाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

महाबळेश्वरच्या पठाराखाली, कोयनेच्या खोऱ्यातल्या आमच्या शेतावर सातेरी मधमाश्यांच्या आठ पेट्या आहेत. त्यांपैकी तीन पेट्यांतल्या राण्या जुन्या झाल्या असून त्यांचा पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष यांनी भरलेला पोळ्याचा भाग, गेल्या पावसाळ्यापासून आक्रसत चालला आहे. जांभूळ फुलण्याच्या सुमारास या पेट्यांसाठी तरुण राण्या तयार असाव्यात आणि जमल्यास एक-दोन नव्या वसाहती उभ्या राहाव्यात, हा या कामाचा हेतू आहे. सातेरीची राणी बाजारात सहजी मिळत नाही, ती आपल्याच पेटीत वाढवून घ्यावी लागते. याविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक मेलिफेरा या युरोपीय माशीला धरून लिहिलेले असते. सातेरीची वसाहत लहान असते, ती घाबरली की पेटी सोडून जाते आणि राणीवाचून फार दिवस धीर धरत नाही. त्यामुळे तिथले वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. हेच काम करू पाहणाऱ्या मधपाळांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

नव्या राण्यांची आई म्हणून विहिरीजवळच्या पेटीतली राणी निवडली. केवळ मध जास्त देते म्हणून एखादी पेटी निवडणे मला पटत नाही, कारण मध हा जागेचा आणि त्या वर्षीच्या फुलोऱ्याचाही हिशेब असतो. या पेटीने दोन पावसाळे जागा सोडली नाही, चौकटी उचलताना माश्या अंगावर येत नाहीत आणि तिच्या पिलाव्यात रिकामी घरे क्वचितच दिसतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थाई सॅकब्रूडचे एकही लक्षण तिच्यात आजवर दिसलेले नाही. या विषाणूने मेलेली अळी घरात उभी ताणलेली राहते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी बाहेर येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती याच रोगाने मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. ज्या वसाहतीत तो एकदा दिसला आहे, तिच्यातून राणी वाढवू नये.

गावातल्या सुतारकाकांकडून तीन-तीन चौकटींच्या छोट्या पेट्या करून घेतल्या.

२६ जानेवारी

आजचे सगळे काम नर शोधण्याचे होते. राणी वाढवायला घेणारे अनेक जण नरांचा विचार सर्वांत शेवटी करतात आणि तिथेच पुढचा महिना वाया जातो. अंड्यापासून नर बाहेर पडायला साधारण २४ दिवस लागतात, त्यानंतर मिलनक्षम होण्यासाठी त्याला आणखी दहा-बारा दिवस हवे असतात. राणीला मात्र अंड्यापासून बाहेर यायला १५ ते १६ दिवस पुरतात आणि त्यानंतर आठवड्याभरात ती उडायला तयार होते. म्हणजे नर आधी आणि राणी नंतर, असाच क्रम ठेवावा लागतो.

फणसाखालच्या आणि गोठ्यामागच्या पेट्यांत नरांची घरे नुकतीच झाकली गेली आहेत. ती ओळखणे सोपे आहे. ती पोळ्याच्या खालच्या कडेला असतात, कामकरी माशीच्या घरांपेक्षा मोठी आणि फुगीर असतात, आणि सातेरीत प्रत्येक झाकणाच्या मधोमध सुईने टोचावे तसे एक बारीक छिद्र असते. मेलिफेराच्या नरघरांना असे छिद्र नसते. या दोन्ही पेट्यांना पातळ साखरपाक, म्हणजे एक भाग साखर आणि एक भाग पाणी, देणे सुरू केले. खाद्य कमी पडले की कामकरी माश्या सर्वांत आधी नरांना बाहेर काढतात.

२ फेब्रुवारी

झाकलेल्या नरघरांचा हिशेब धरला तर त्यांतले नर २० फेब्रुवारीच्या आसपास तयार होतात, म्हणून आज विहिरीजवळच्या पेटीतली राणी उचलली.

सातेरीची राणी शोधणे हे यातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे. ती गडद रंगाची असते आणि पेटी हलली की माश्यांसह पोळ्याच्या खालच्या कडेकडे पळते. धूर जास्त दिला तर सगळ्या माश्या कोपऱ्यात लोंबकळतात आणि मग शोध सोडूनच द्यावा लागतो. धूर नावापुरता देऊन, कडेची रिकामी चौकट आधी बाहेर काढून, नंतर ताजी अंडी असलेली चौकट अलगद उचलून पाहावी. राणी बहुधा तिथेच असते. ती चालत असताना तिच्याभोवतीच्या माश्या तिच्याकडे तोंड करून वाट देत जातात, त्यामुळे राणीआधी ती मोकळी होत जाणारी जागा नजरेत भरते. आज ती तशीच सापडली. पिलाव्याच्या दोन चौकटी आणि त्यांवरच्या माश्या यांच्यासह तिला एका छोट्या पेटीत ठेवून ती पेटी शेताच्या दुसऱ्या टोकाला नेली.

मूळ पेटीत तासाभरात फरक जाणवू लागला. माश्या तळपाटावर आणि दारावर सैरभैर फिरू लागल्या आणि पेटीला कान लावला तर नेहमीच्या एकसुरी गुणगुणीऐवजी चढउतार असलेला आवाज येत होता. राणीच्या जबड्याजवळच्या ग्रंथींतून येणारा गंध तिला चाटणाऱ्या आणि स्पर्श करणाऱ्या माश्यांकडून पेटीभर पोहोचत असतो. तो पोहोचणे थांबले की राणी नसल्याचे वसाहतीला कळते आणि नवी राणी घडवण्याचे काम सुरू होते. त्यासाठी माणसाने आणखी काही करावे लागत नाही.

४ फेब्रुवारी

विहिरीजवळच्या पेटीत राणीघरे दिसू लागली. थवा निघण्याच्या, म्हणजे माश्यांचा एक गट राणीसह वेगळा होऊन जाण्याच्या, वेळची राणीघरे पोळ्याच्या खालच्या कडेला ओळीने लोंबतात. राणी अचानक गेली तर मात्र माश्या पोळ्याच्या मधल्याच अळ्यांची घरे रुंदावून, त्यांचे तोंड खाली वळवून राणीघरे बांधतात. इथे तसेच झाले आहे. पहिले काही दिवस सगळ्याच अळ्यांना राजान्न, म्हणजे रॉयल जेली, मिळते. पुढे कामकरी होणाऱ्या अळ्यांच्या खाद्यात मध आणि पराग मिसळले जातात आणि राणी होणाऱ्या अळीला शेवटपर्यंत भरपूर राजान्नच मिळत राहते. अळी जितकी कोवळी असताना निवडली जाईल तितकी राणी चांगली होते. निवड मात्र माश्यांनी केली आहे आणि त्यांनी कोणत्या वयाच्या अळ्या घेतल्या हे आता बाहेरून सांगता येत नाही.

११ फेब्रुवारी

राणीघरे कापून छोट्या पेट्यांत वाटण्यासाठी पेटी उघडली, तर राणी आधीच बाहेर आलेली होती आणि बाकीची सर्व राणीघरे फोडलेली होती.

ही फोडतोड नीट पाहून ठेवण्यासारखी आहे. जिच्यातून राणी बाहेर आली त्या घराचे टोक गोल कापलेले होते आणि ते झाकण एका बाजूने अडकून लोंबत होते. बाकीच्या घरांची टोके शाबूत होती, पण त्यांच्या कुशीला वेड्यावाकड्या कडांची भोके होती आणि एका भोकातून पांढुरक्या कोषाचे पोट अर्धे बाहेर ओढलेले दिसत होते. पहिली कुमारी राणी इतरांची घरे अशीच बाजूने उकरते आणि आतल्या राणीला नांगी मारते, उरलेली साफसफाई कामकरी माश्या करतात. म्हणून खाली गोल झाकण असलेले घर म्हणजे राणी जन्मली आणि कुशीला भोक असलेले घर म्हणजे मारली गेली, हे कोणत्याही पेटीत एका नजरेत वाचता येते.

कारण वयातच आहे. कोवळ्या अळीपासून राणी व्हायला बारा दिवस लागतात असे धरून हिशेब केला होता, पण वसाहतीने तीन दिवसांच्या अळ्यांवरही राणीघरे बांधली होती आणि त्यांतली राणी नऊ-दहा दिवसांतच बाहेर पडली. सर्वांत जुन्या अळीची राणी सर्वांत आधी येते आणि चांगल्या राण्यांना तीच मारते. तेव्हा अळ्यांचे वय आपण ठरवले नसेल, तर सातेरीत राणी काढल्यापासून सातव्या-आठव्या दिवशीच राणीघरे हलवावीत. या पेटीत जी कुमारी राणी आहे तिला तशीच ठेवली. पुढची खेप अळ्यांचे वय नक्की करूनच घ्यायची आहे.

१३ फेब्रुवारी

दुसऱ्या खेपेसाठी अळी उचलून मेणाच्या वाटीत ठेवण्याची पद्धत वापरलेली नाही. अमेरिकेतल्या डूलिटल यांनी १८८९ च्या सुमारास ती रूढ केली आणि मेलिफेरासाठी ती उत्तम चालते. आमच्याकडे मिळणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या मात्र मेलिफेराच्या मापाच्या आहेत, आणि मागे एका मधपाळ मित्राकडे सातेरीने त्यांतल्या अळ्या एका रात्रीत काढून टाकल्या होत्या. त्यापेक्षा मिलर यांच्या नावाने ओळखली जाणारी पोळे कापण्याची पद्धत सातेरीला मानवते, शिवाय तिला विशेष साहित्यही लागत नाही.

आई राणीच्या छोट्या पेटीत आज पिलाव्याच्या दोन चौकटींच्या मध्ये नव्याने बांधलेल्या, कोवळ्या मेणाच्या पोळ्याची रिकामी चौकट सरकवली. राणीला अंडी घालायला दुसरी जागाच उरलेली नाही, त्यामुळे ती आज-उद्या यातच अंडी घालेल. पेटीला रोज संध्याकाळी साखरपाक देत आहे. दिवसा दिला तर मुंगळे आणि शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात.

१६ फेब्रुवारी

कोवळ्या पोळ्यात अंडी आहेत. काल उभी दिसलेली अंडी आज तळाला आडवी झाली आहेत, म्हणजे उद्या फुटतील.

राणीघरे बांधून घेण्यासाठी सर्वांत भरलेली, म्हणजे फणसाखालची, पेटी घेतली. तिची राणी दोन चौकटींसह छोट्या पेटीत हलवली आणि अंडी किंवा उघड्या अळ्या असलेली प्रत्येक चौकट, माश्या मऊ पिसाने झाडून, दुसऱ्या पेट्यांत दिली. आत फक्त झाकलेला पिलावा, पराग, मध आणि भरपूर तरुण माश्या ठेवल्या. राजान्न तरुण दाया माश्याच तयार करतात. त्यांना पाजायला दुसरी अळीच नसली की दिलेल्या अळ्यांवर त्यांचे सगळे लक्ष जाते.

१७ फेब्रुवारी

सकाळी पोळे पाहिले. नुकत्याच फुटलेल्या अळ्या इतक्या लहान आहेत की उन्हात चौकट तिरकी धरल्याशिवाय त्या दिसतच नाहीत, त्यांच्याखाली चकाकणारा दुधी थेंब मात्र आधी दिसतो. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने पोळ्याची खालची कड नागमोडी कापली, म्हणजे कोवळ्या अळ्यांची घरे अगदी कडेला येतात. कडेच्या दर तीन घरांपैकी दोन घरांतल्या अळ्या काडीने काढून टाकल्या. हे केले नाही तर राणीघरे एकमेकांना चिकटून बांधली जातात आणि नंतर कापताना दोन्ही खराब होतात. पोळे ओल्या कापडात गुंडाळून फणसाखालच्या पेटीत मधोमध ठेवले.

१९ फेब्रुवारी

कापलेल्या कडेला नऊ राणीघरे सुरू झाली आहेत. पहाटे थंडी असल्यामुळे पेटीवर गोणपाट टाकून दार अर्धे केले. पिलाव्याच्या जागी ३३ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता माश्या राखतात, पण कडेला लोंबणाऱ्या राणीघरांपर्यंत ती पोहोचायला पेटीत माश्यांची दाटी हवी.

२१ फेब्रुवारी

फणसाखालच्या पेटीत राणी नाही, आणि सातेरीत हे धोक्याचे आहे. मेलिफेराच्या कामकरी माश्या राणीवाचून तीनेक आठवडे गेल्यावर अंडी घालू लागतात, सातेरीत आठवड्याभरातच त्यांची बीजांडे वाढू लागतात. उघडा पिलावा असेल तर त्याच्या गंधाने हे लांबते. म्हणून मोठ्या, झाकायला आलेल्या अळ्यांची एक चौकट दुसऱ्या पेटीतून आणून दिली. इतक्या वाढलेल्या अळीपासून माश्या राणी करू शकत नाहीत, त्यामुळे आपल्या राणीघरांना तिचा अडथळा होत नाही.

२४ फेब्रुवारी

राणीघरे झाकली गेली. नवापैकी सात चांगली लांबट आणि खडबडीत आहेत. दोन आखूड, गुळगुळीत आहेत, ती काढून टाकली. विहिरीजवळच्या पेटीत आजही अंडी नाहीत, पण माश्या शांत आहेत आणि पराग आणत आहेत.

२६ फेब्रुवारी

आज राणीघरे वाटली. अळी फुटल्यापासून नववा दिवस आहे आणि टोकाकडचे मेण माश्यांनी खरवडून आतला तपकिरी, तंतुमय कोष उघडा केला आहे. आतली राणी तयार होत आल्याची ही खूण आहे. राणीघर पोळ्याच्या थोड्या तुकड्यासह कापावे, टोक सतत खाली ठेवावे, त्याला धक्का देऊ नये आणि उन्हात ठेवू नये. या दिवसांत कोषाच्या पंखांना इजा झाली तर राणी बाहेर येते, पण तिला उडता येत नाही आणि न उडणारी राणी कधीच फळत नाही.

पाच छोट्या पेट्या कालच भरल्या होत्या. प्रत्येकीत झाकलेल्या पिलाव्याची एक चौकट, मध-परागाची एक आणि दोन चौकटींवरच्या माश्या. त्या काल रात्रीच दुसऱ्या वाडीत, घाटाच्या वळणापलीकडे आमच्या चुलतभावाच्या रानात नेऊन ठेवल्या होत्या, म्हणजे जुन्या माश्या मूळ जागी परत येत नाहीत. राणीघराच्या कुशीला ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची पट्टी गुंडाळली आणि टोक मोकळे ठेवले. माश्या नको असलेले राणीघर बाजूनेच फोडतात, त्यामुळे एवढी पट्टी पुरते. उरलेली दोन राणीघरे फणसाखालच्या पेटीतच ठेवली.

छोट्या पेट्यांची तोंडे मुद्दाम वेगवेगळ्या दिशांना केली. एकीसमोर दगड, एकीसमोर लाकडाचा ओंडका, एकीवर निळा रंग अशा खुणा दिल्या. मिलनाहून परतणारी राणी चुकून शेजारच्या पेटीत शिरली तर मारली जाते.

२८ फेब्रुवारी

पाचांपैकी एक छोटी पेटी रिकामी झाली. माश्या राणीघर तसेच सोडून निघून गेल्या. त्या पेटीत माश्या सर्वांत कमी होत्या आणि दिलेला पिलावा पूर्ण झाकलेला होता, म्हणजे पाजण्यासारखी एकही अळी आत नव्हती. सातेरीला पेटीत धरून ठेवणारी गोष्ट उघडा पिलावा हीच आहे. बाकीच्या चारही पेट्यांत मोठ्या अळ्यांचे तळहाताएवढे तुकडे कापून चौकटीत सुतळीने बांधून दिले. त्यानंतर एकही पेटी हलली नाही. हा तुकडा पहिल्याच दिवशी द्यावा, असे आता मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

२ मार्च

रात्री फणसाखालच्या पेटीला कान लावला. आतून लांब, बारीक पिपाणीसारखा आवाज आला, तो थांबला की तुटक, दबका दुसरा आवाज येत होता. पहिली राणी बाहेर आली आहे आणि दुसरी अजून राणीघरातच कोंडलेली आहे. मोकळी राणी आणि कोंडलेल्या राण्या असा प्रतिसाद देतात, आणि माश्या कोंडलेलीला आतच ठेवून टोकाच्या फटीतून भरवतात. वसाहतीला थवा काढायचा असतो तेव्हा हे दिवसेंदिवस चालते. थवा जाणे परवडणार नव्हते, म्हणून पहाटे दुसरे राणीघर काढून घेतले. ते पळून गेलेल्या पेटीच्या जागी नव्याने भरलेल्या छोट्या पेटीत दिले.

५ मार्च

चारही पेट्यांतल्या राणीघरांची टोके गोल उघडली आहेत. कुमारी राणी शोधत बसू नये. ती लहान असते, पोट आखूड असते, पोळ्यावर झपाट्याने धावते आणि तिच्याभोवती माश्यांचे कडे नसते. चौकटी हाताळताना ती उडाली तर बहुधा परत येत नाही. घराचे झाकण पाहून पेट्या बंद केल्या आणि त्यांवर राणी अडवणारी जाळी लावलेली नाही ना, हे पुन्हा तपासले. वसाहत पळू नये म्हणून ही जाळी अनेक जण लावतात, पण कुमारी राणी आत असताना ती लावली तर राणीचे मिलनच होत नाही आणि ती जन्मभर फक्त नरांची अंडी घालते. राणी मिलनातून मिळालेले वीर्य पोटातल्या पिशवीत आयुष्यभर साठवते. ज्या अंड्याला ती ते देते त्यातून मादी होते, ज्याला देत नाही त्यातून नर होतो. पिशवीच रिकामी असेल तर नरांवाचून काहीच निपजत नाही.

विहिरीजवळच्या पेटीत अंडी दिसली. प्रत्येक घरात एक, तळाच्या मधोमध, पोळ्याच्या मध्यापासून सलग. पहिल्या खेपेची राणी फळली.

१० मार्च

जांभूळ फुलू लागली आहे. दुपारी ऊन असताना पेट्यांपुढे नरांचा घुमणारा आवाज येतो. राणी अशाच उन्हाच्या वेळी बाहेर पडते, हवेत अनेक नरांशी मिलन करते आणि प्रत्येक नर त्या मिलनातच मरतो. तीन-चार दिवस ढगाळ गेले होते, त्यामुळे सगळे लांबले. भावाच्या रानातल्या वीजतारेवर वेडे राघू ओळीने बसतात, हे तिथे पेट्या नेताना लक्षात घ्यायला हवे होते. दोन पेट्या आंब्याच्या झाडाखाली सरकवल्या, पण एका वेळी थोडेच अंतर, रोज हातभर, कारण एकदम हलवल्या तर माश्या जुन्या जागी जमतात.

१९ मार्च

फणसाखालच्या पेटीत आणि तीन छोट्या पेट्यांत अंडी आहेत. निळ्या पेटीत काही घरांत दोन-दोन अंडी दिसली. ती तळालाच आणि घरे सलग भरलेली असल्यामुळे काळजी केली नाही. नवी राणी सुरुवातीला असे करते आणि काही दिवसांत नीट अंडी घालू लागते.

ओंडक्याच्या पेटीत मात्र चित्र वेगळे आहे. एका घरात चार-पाच अंडी, त्यांतली बरीचशी घराच्या भिंतीला चिकटलेली, मध्येच घरे रिकामी. राणी मिलनाहून परतलीच नसावी आणि कामकरी माश्यांनी अंडी घालायला सुरुवात केली आहे. कामकरी माशीचे पोट आखूड असल्याने अंडे तळापर्यंत पोहोचत नाही, यावरून हे ओळखता येते.

या पेटीला उरलेले राणीघर किंवा राणी देण्यात अर्थ नसतो. त्या माश्यांना आपल्यात राणी आहे असेच वाटते आणि त्या दिलेल्या राणीला मारतात. चौकटी काढून घेतल्या, माश्या झाडून गोठ्यामागच्या पेटीसमोर सोडल्या आणि रिकामी पेटी जागेवरून हलवली. बहुतेक माश्या त्या पेटीत शिरल्या. पाचव्या, उशिरा भरलेल्या पेटीत अजून अंडी नाहीत.

२९ मार्च

पाचव्या पेटीतही अंडी आली. निळ्या पेटीतला पिलावा मात्र समाधानकारक नाही. अंडी सलग आहेत, पण झाकलेल्या पिलाव्यात रिकाम्या घरांचे ठिपके फार आहेत. रोगाचे लक्षण नाही. जवळच्या नात्यातल्या नरांशी मिलन झाले तर फळलेल्या अंड्यांतल्या काहींतून मादीऐवजी नर होऊ लागतो आणि कामकरी माश्या अशा अळ्या फुटताक्षणी खाऊन टाकतात. पोलंडचे संशोधक वोयके यांनी १९६३ साली हे दाखवून दिले. भोवतालच्या पेट्या बहुतेक आमच्याच वंशाच्या आहेत, त्यामुळे हेच कारण मला पटते. ही राणी जुन्या पेट्यांसाठी वापरणार नाही.

५ एप्रिल

जुन्या राण्यांच्या जागी नव्या राण्या देण्याचे काम सुरू केले. बांधावरच्या पेटीतली जुनी राणी काढली आणि नवी राणी बारीक जाळीच्या पिंजऱ्यात घालून पिलाव्याच्या चौकटींमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माश्या पिंजऱ्यावर निवांत दिसल्या म्हणून तिला मोकळे केले. थोड्याच वेळात तळपाटावर माश्यांचा लिंबाएवढा घट्ट गोळा झाला आणि त्याच्या आत राणी होती. असा गोळा हाताने सोडवू नये. तो तसाच उचलून पाण्याच्या वाटीत टाकावा. माश्या सुटतात आणि राणी चिमट्याने पंखाला धरून काढता येते. ती वाचली, पण एका पंखाची कड फाटली. तिला तिच्याच छोट्या पेटीत परत दिले आणि तिथे माश्यांनी तिला लगेच स्वीकारले.

८ एप्रिल

पिंजऱ्याऐवजी आता वर्तमानपत्राचा मार्ग घेतला. बांधावरच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एकेरी कागद पसरून त्याला सुईने काही भोके पाडली. छोट्या पेटीतल्या चौकटी माश्या व राणीसह रिकाम्या कोठीत, म्हणजे पेटीवर ठेवायच्या वेगळ्या कप्प्यात, घालून ती कोठी कागदावर ठेवली. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हींचा वास मिसळतो. तीन दिवसांत कागदाचे तुकडे दारातून बाहेर पडू लागले आणि फाटक्या पंखाची राणी खाली अंडी घालताना दिसली. याच रीतीने उरलेल्या दोन जुन्या पेट्याही जोडल्या. एकीत दगडाच्या खुणेच्या पेटीतली आणि दुसरीत पाचव्या पेटीतली राणी गेली. सातेरीसाठी राणी एकटी देण्यापेक्षा तिच्या माश्यांसह देणे मला अधिक खात्रीचे वाटते.

तिन्ही राण्यांच्या पाठीवर वाळणारा पांढरा ठिपका दिला आहे. पुढच्या वर्षी ठिपका नसलेली राणी दिसली तर माश्यांनी मधल्या काळात स्वतःच राणी बदलली असे समजता येईल.

४ मे

हिरड्याचा मध काढून झाला. नव्या राण्यांच्या पेट्यांतला पिलावा चौकटभर आणि सलग आहे, म्हणून मधकोठीतली प्रत्येकी एक चौकट भरलेली तशीच ठेवली. इथल्या पावसात माश्या दिवस-दिवस बाहेर पडू शकत नाहीत आणि राणी चांगली असली तरी उपाशी वसाहत जूनअखेर पेटी सोडते. फणसाखालची जुनी राणी आणि विहिरीजवळची आई राणी या दोघींच्या छोट्या पेट्या मोठ्या पेट्यांत हलवल्या, त्या आता स्वतंत्र वसाहती आहेत. निळ्या पेटीतली राणी काढून ती पेटी आई राणीच्या पेटीला जोडली.

एकूण खर्च असा झाला: छोट्या पेट्यांचे २,७०० रुपये, साखर ३० किलो, किलोमागे ४४ रुपयांनी १,३२०, आणि पेट्या नेण्या-आणण्यासाठी टेम्पोचे ८०० रुपये, म्हणजे ४,८२० रुपये. पेट्या पुढेही वापरता येतील. पहिल्या खेपेत गेलेले दहा दिवस हेच खरे नुकसान झाले, कारण त्यामुळे दुसऱ्या खेपेच्या राण्या जांभळाच्या ऐन बहरात उपयोगी पडल्या नाहीत, हिरड्याला पडल्या.

पुढची खेप ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरून नर दिसू लागले की घेणार आहे. त्याआधी जावळीकडच्या एका मधपाळ मित्राशी दोन वसाहतींची अदलाबदल ठरली आहे. नवे नर त्यातून येतील, आणि आई म्हणून पुन्हा विहिरीजवळचीच राणी, ती पावसाळा नीट काढते का हे पाहून.